मित्राचे छायाचित्र पाहताना

‘छान आहे!’ म्हणून मित्राचे छायाचित्र परत देणे सोपे. पण त्यातून तो काहीच शिकत नाही. थट्टा तर त्याहून वाईट. मी सर्वांदेखत केलेल्या थट्टेने एका मित्राने कॅमेरा कपाटात ठेवला, तो कायमचाच.

म्हणून आधी विचारावे, ‘तुला काय दाखवायचे होते?’ मग जे साधले ते सांगावे आणि शेवटी एकच दोष, उपायासह. सारेच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे पुसट असेल, तर बहुधा हात हलला, ५० मि.मी. भिंगाला निदान १/६० सेकंद वेग ठेवावा. धावणारे मूलच तेवढे पुसट असेल, तर १/२५० किंवा अधिक वेग हवा. डोक्यातून खांब उगवला असेल, तर एक पाऊल बाजूला सरकणे पुरे.

दोष चित्राचा सांगावा, मित्राचा नव्हे. हे तेव्हा उमजले असते, तर तो कॅमेरा कपाटात गेला नसता.