सांताच्या पोतडीतले तीन व्होल्ट

सन १९५० च्या नाताळच्या सुमारास अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत एक पेटी विक्रीला आली. किंमत ४९ डॉलर ५० सेंट. आत गायगर काउंटर, किरणोत्सारी कणांच्या वाटा दिसाव्यात म्हणून छोटे क्लाउड चेंबर आणि बरण्यांत चक्क युरेनियमची खनिजे. ‘गिल्बर्ट यू-२३८ अ‍ॅटॉमिक एनर्जी लॅबोरेटरी’ हे या खेळण्याचे नाव. खनिजे बरणीबाहेर काढू नयेत, अशी सूचना सोबतच्या पुस्तिकेत होती. मात्र त्यामागचे कारण आज वाचताना हसू येते. खनिजाचा भुगा घरातल्या प्रयोगशाळेत पसरला तर काउंटरची मूळ मोजणी वाढेल आणि प्रयोग बिघडतील, ही काळजी! मुलाच्या पोटात काही जाईल, ही नव्हे.

ही पेटी बनवणारे आल्फ्रेड कार्लटन गिल्बर्ट हे विलक्षण गृहस्थ होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीतले सुवर्णपदक (ते त्यांना विभागून मिळाले), येल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी आणि १९१३ पासून ‘इरेक्टर’ नावाचा लोखंडी पट्ट्यांचा संच, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनोचा अमेरिकी भाऊ. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, नाताळच्या खेळण्यांवर गदा आणण्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, तेव्हा गिल्बर्ट खेळण्यांनी भरलेल्या पिशव्या घेऊन मंत्र्यांना भेटले. मंत्री खेळण्यांत रमले आणि बंदी टळली, असा हा किस्सा आहे. पुढे युरेनियमची पेटी मात्र फार चालली नाही. पाच हजारांपेक्षाही कमी पेट्या खपल्या आणि दुसऱ्या वर्षी उत्पादन थांबले. त्याचे कारण किरणोत्सार नव्हते, महाग किंमत होती. बरण्या बंद असेपर्यंत त्या पेटीचा धोका तसा किरकोळच होता.

नाताळच्या गाजलेल्या खेळण्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसते. भीती जिथे वाटते तिथे अपघात होतोच असे नाही, आणि होतो तिथे आधी कोणाचे लक्षच गेलेले नसते.

१९६३ सालची ‘ईझी-बेक ओव्हन’ पाहा. शंभर वॉटच्या साध्या दिव्यांच्या उष्णतेवर मुलींनी खराखुरा केक भाजायचा. जुन्या पिवळ्या दिव्याला मिळणाऱ्या विजेतला फार थोडा भाग उजेडात जातो, उरलेली सगळी उष्णता होते. दिव्याचा हा दोषच या खेळण्याने कामाला लावला. भट्टी म्हटल्यावर पालक सावध असणार, हे उघड आहे. पुढे २००७ मध्ये तिच्या एका नव्या मॉडेलच्या सुमारे दहा लाख भट्ट्या परत मागवाव्या लागल्या, त्या मात्र निव्वळ चटक्यांमुळे नव्हेत. समोरच्या फटीत लहान मुलांची बोटे अडकत होती आणि अडकल्यावर भाजत होती. एका पाच वर्षांच्या मुलीचे बोट अर्धवट कापावे लागले.

१९७८ च्या नाताळात एका दूरचित्रवाणी मालिकेवरून बनवलेले अवकाशयान लोकप्रिय होते. कळ दाबली की त्यातून बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे क्षेपणास्त्र सुटे. ते घशात अडकून चार वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. जानेवारी १९७९ मध्ये ही खेळणी परत मागवण्यात आली. दुसऱ्या एका कंपनीने ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटच्या बाहुल्याला सुटणारे रॉकेट देण्याचे जाहीर केले होते, तिने धसका घेऊन ते पाठीलाच पक्के चिकटवले. (सुटणाऱ्या रॉकेटचे मोजके नमुने मागे राहिले, त्यांच्यासाठी आज संग्राहक लाखो रुपये मोजतात.) तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतल्या सुट्या भागांविषयीचा अमेरिकी नियम १ जानेवारी १९८० पासून लागू झाला. त्यासाठीचे चाचणीचे साधन अगदी साधे आहे. लहान मुलाच्या घशाच्या मापाची, ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी. सुटा भाग त्यात पूर्ण मावला की खेळणे नापास.

या नळकांडीने कितीतरी मुले वाचवली असतील. पण ती फक्त आकार मोजते. गिळलेली वस्तू आत जाऊन काय करेल, हे तिला कळत नाही. ताकदवान नियोडिमियम चुंबकाच्या गोळ्यांनी ते पहिल्यांदा ठळकपणे दाखवले. एक गोळी गिळली तर सहसा निघून जाते. थोड्या वेळाच्या अंतराने दोन गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकींना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडते. आणि त्यानंतर आला बटण सेल.

१९९६ साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी जगभर ‘तामागोची’ हा किल्लीच्या जुडग्याएवढा आभासी पाळीव प्राणी आला. तो दीड व्होल्टच्या छोट्या बटण सेलवर चाले. असे सेल साधारण ११ ते १२ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि गिळले तरी बहुतेक वेळा पोटातून पुढे सरकतात. पण उपकरणे चपटी होत गेली आणि त्यांत लिथियमचा मोठा सेल बसू लागला. त्याच्यावर ‘सीआर २०३२’ असे कोरलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. विद्युतदाब तीन व्होल्ट. जवळपास एक रुपयाच्या नाण्याएवढी ही चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते.

सेल फुटतो, आतले रसायन गळते आणि मूल भाजते, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सेल शाबूत राहूनच इजा करतो. अन्ननलिकेची ओलसर भिंत आणि लाळ यांतून त्याच्या दोन बाजूंमध्ये वीज वाहू लागते. शाळेत पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग होतो, तोच इथे घशात घडतो. ऋण बाजूला पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होते आणि तिथला सामू, म्हणजे पीएच, १२ ते १३ पर्यंत चढतो. कॉस्टिक सोड्याचा थेंब एकाच जागी सतत टाकत राहावा, तसा हा प्रकार. ऊती अक्षरशः विरघळतात. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल काढल्यानंतरही काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, झिजलेल्या भिंतीपलीकडच्या महाधमनीला छिद्र पडून रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत.

‘संपलेला’ सेलही सुरक्षित नसतो. खेळणे चालवण्याइतका जोर त्यात उरलेला नसतो, पण पाण्याचे विघटन करायला सव्वा व्होल्टच्या आसपास दाब पुरतो, आणि टाकून दिलेल्या लिथियम सेलमध्ये तेवढा बहुधा असतोच.

२०१० साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अशा घटनांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत गंभीर परिणामांच्या बहुसंख्य प्रकरणांत २० मिलिमीटरचा लिथियम सेल होता. मृत्यू झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांनी सेल गिळताना कोणी पाहिले नव्हते, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंत सुरुवातीचे निदान चुकले होते. लक्षणेच तशी फसवी असतात. लाळ गळते, मूल जेवायला तयार नसते, खोकला, उलटी, बारीक ताप. डिसेंबरच्या थंडीत निम्म्या घरांतल्या मुलांना हेच झालेले असते.

टेक्सासमधल्या दीड वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत असेच घडले. आधी क्रूप, म्हणजे घशाच्या सुजेचा आजार, समजला गेला. सेल रिमोटमधून निघालेला होता, हे कळेपर्यंत इजा झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा ‘रीज कायदा’ अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. लहान मुलांच्या खेळण्यांत सेलचा कप्पा स्क्रूने बंद हवा, ही अट आधीपासून होती. रिमोट, वजनकाटा, गाणारे शुभेच्छापत्र, ज्योतीशिवाय लुकलुकणारी मेणबत्ती यांना ती नव्हती. नव्या कायद्याने घरगुती वापराच्या अशा वस्तूंनाही मूल सहज उघडू शकणार नाही असा कप्पा सक्तीचा केला.

भारतात ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०’ १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे आहे. पण वांद्रे, वसई, गोव्यातल्या घरांत येशूजन्माच्या गोठ्यात ठेवलेली लुकलुकती मेणबत्ती किंवा दिवाळीतली सेलवरची पणती खेळणे म्हणून विकली जात नाही, त्यामुळे ती या आदेशात येत नाही. अशा पणतीच्या बुडाचे झाकण नखानेही निघते. खाली पडली की सेल बाहेर, आणि रांगणारे मूल जमिनीवरच असते. वस्तू घेताना बूड उलटे करून स्क्रू आहे का पाहायला दहा सेकंद लागतात. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा, ड्रॉवरमध्ये सुट्या पैशांत नव्हे.

सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, खायला द्यायचे नाही, वाट पाहायची नाही. एक्स-रेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठायचे आणि ‘बटण सेल गिळला असावा’ हे दारातच स्पष्ट सांगायचे. एक्स-रेत नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची दुहेरी, जणू वर्तुळात वर्तुळ. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गेलेला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देण्याची शिफारस अमेरिकेतले विषबाधा नियंत्रण केंद्र करते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधाने सेलभोवती आवरण धरून अल्कधर्मी इजेचा वेग कमी केल्याचे दिसले होते. एक वर्षाखालील बाळाला मध द्यायचा नाही, त्याला बॉट्युलिझमचा धोका असतो. आणि मध शोधण्यासाठी घरात थांबायचे नाही. मिळाला तर गाडीत, नाहीतर थेट रुग्णालयात.