आहारातील कॅल्शियम आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

म्हैस व्याली की आपण तिला कॅल्शियमची बाटली आवर्जून पाजतो. घरातील माणसांच्या कॅल्शियमचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. हे द्रव्य केवळ हाडांसाठी नाही. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यासही त्याची मदत होत असावी, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपण विहिरीवर पाहतोच. पाण्यातील कॅल्शियम साबणातील स्निग्धाम्लांना धरते आणि न विरघळणारा साका तयार होतो. आतड्यातही जवळजवळ असेच घडते. तेल-तूप पचविणाऱ्या पित्तरसातील आम्ले व न पचलेली स्निग्धाम्ले मोठ्या आतड्यात उतरली की आतील अस्तराला इजा करतात. अस्तराच्या पेशी वारंवार मरून नव्या तयार होत राहिल्या की त्यांत बिघाड होण्याची शक्यता वाढते. अन्नातील कॅल्शियम या आम्लांना बांधून ठेवते व ती शौचावाटे निघून जातात. म्हणजेच रक्तात न शोषले गेलेले कॅल्शियमही कामी येते.

ब्रिटनमधील सुमारे ५ लाख ४२ हजार महिलांची जवळपास १७ वर्षे नोंद ठेवून ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहारात रोज ३०० मि.ग्रॅ. कॅल्शियम जादा असल्यास हा कर्करोग होण्याचे प्रमाण १७ टक्के कमी आढळले. अर्थात, अशा महिलांच्या इतर सवयींचाही यात वाटा असू शकतो. गोळ्यांचा अनुभव निराळा आहे. अमेरिकेत ३६ हजार महिलांवर सात वर्षे झालेल्या चाचणीत (२००६) कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हा कर्करोग कमी झाला नाही. म्हणून भर आहारावरच द्यावा.

प्रौढ व्यक्तीला रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. १०० ग्रॅम ज्वारीत ते ३० मि.ग्रॅ. पेक्षाही कमी असते. तेव्हा भाकरी-वरण पोटभर खाऊनही तूट राहते. त्यात दूध सगळे डेअरीला आणि घरी काळा चहा, हे पुसद तालुक्यातही अनेक घरांत दिसते. माणशी पाव लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही घरात ठेवले तरी ३०० मि.ग्रॅ. ची सोय होते. तीळ सालीसकट वापरावेत. दोन चमचे (२० ग्रॅम) तिळाच्या चटणीतून अडीचशे मि.ग्रॅ. च्या आसपास कॅल्शियम मिळते. साल काढलेल्या तिळात ते बरेच कमी असते. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावावीत व शेंगांबरोबर पाल्याचीही भाजी करावी. नाचणी आपल्याकडे पिकत नसली तरी बाजारात मिळते. तिच्यात ज्वारीच्या दसपटीहून अधिक कॅल्शियम असते. पालकात कॅल्शियम भरपूर असले तरी ऑक्झॅलेटमुळे ते बांधलेले असते, म्हणून त्यावर विसंबू नये.

चुन्यात कॅल्शियम असते म्हणून खर्रा चालतो, असे काही जण हसत म्हणतात. तंबाखू-सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, त्यापुढे त्या चुन्याचा काय उपयोग!

मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना वजन किंवा रक्त कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मूळव्याध समजून घरगुती औषधांत हंगाम घालवू नये. पेरणी असो वा वेचणी, लगेच शासकीय रुग्णालयात तपासून घ्यावे.