घाटमाथ्यावरचा मराठीचा तास

नवयुग वाचनमाला, १९६७ची बालभारती, मग कुमारभारती, दर काही वर्षांनी नवा अभ्यासक्रम. मराठीच्या पाठ्यपुस्तकांची ही जंत्री वाचकांना पाठच आहे, म्हणून ती मी उगाळत नाही. मला बोलायचंय ते मुलांच्या लिहिण्याबद्दल.

शुद्धलेखन आणि व्याकरण पक्कं करा, लिहिणं आपोआप येतं, असं सांगणारी विद्वान मंडळी आहेत. त्यांनी एकदा जुलैत गगनबावड्याला यावं. इथं पावसाळ्यात सूर्य दिसायची मारामार. चुलीवर दोरी बांधून वाळवलेला गणवेश घालून पोरं बसतात, वर्गभर धुराचा वास. त्यांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिला की निबंधात छत्री उडते आणि आई कांदाभजी तळते. सगळं गाईडातलं! सकाळी इरलं पांघरून तरवा काढून आलेल्या एका पोराला मी वही मिटायला लावली, म्हटलं तोंडानं सांग. तरव्याच्या मुठी बांधून बोटं कशी पांढरी पडतात, बांधावरच्या भाकरीत पाणी कसं शिरतं, आजी इरल्याखाली तंबाखू कशी कोरडी ठेवते, सगळं आलं. हेच लिही म्हटल्यावर विचारतो, “सर, असलं निबंधात चालतंय व्हय?”

चालवलं आम्ही, शाळेच्या हस्तलिखित अंकात. माझं वेड म्हणा हवं तर. फुलस्केप कागद, मुलांचंच संपादक मंडळ, दमट हवेत फुटणारी शाई, दाभणानं शिवलेली पाठ. वळणदार अक्षराच्या मुलीला लेखनिक केलं की ती इतरांच्या चुका आपणच काढायची, भांडून काढायची. शुद्धलेखन असं येतं! साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत असताना ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढलं. एवढा मोठा आधार असताना हस्तलिखिताला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुढचा अंक काढतो.

घाट उतरून शिरोड्याला गेलं की वि. स. खांडेकरांची शाळा. १९२० ते १९३८ तिथं शिकवणारा हा मास्तर पुढं ज्ञानपीठापर्यंत पोचला. पण मला त्याहून जवळचे वाटतात ते आनंद यादवांच्या ‘झोंबी’तले कागलचे सौंदलगेकर मास्तर. कविता चालीवर, हावभावांसह म्हणणारे. स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनी कविता केलेली बघून लहानग्या आनंदाला कळलं की कवी आपल्यासारखाच माणूस असतो. मग म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी उमटू लागल्या. सीबीएसईची बारावीची मुलं हा भाग हिंदीत ‘जूझ’ म्हणून वाचत आली. आमच्या जिल्ह्यातल्या किती शिक्षकांनी तो वर्गात वाचला असेल?

आता दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आहे. ८० गुणांत २४ उपयोजित लेखनाला, म्हणजे कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात पत्राचा साचा पाठ, जाहिरातीची चौकट पाठ, कथेचा शेवटही पाठ. कविता कुणी चालीवर म्हणत नाही, तिचे मुद्दे फळ्यावर येतात. कल्पना वाईट नव्हती, शिकवणीवाल्यांनी तिचंही गाईड केलं आणि आम्ही शिक्षकांनी ते मुकाट्यानं टेबलावर ठेवलं.

मराठीच्या शिक्षकांनो, दिवाळीनंतरच्या सत्रात आठवड्याला एक तास गाईड कपाटात ठेवा. पोरं लिहितील ते लाल पेन लावण्याआधी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा.