राक्षस जवळ येण्याआधी

दोस्तांनो, वही, पेन्सिल आणि सापशिडीच्या डब्यातला फासा एवढंच सामान घेऊन तुम्ही कधी किल्ल्यात शिरला आहात का? खऱ्या नव्हे हो, कागदावरच्या! चौघं मित्र गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी तलवारबाज, कुणी तिरंदाज, कुणी जादूगार. "गुहेतून राक्षस येतोय, आता काय कराल?" असं सांगणारा विचारतो. तुम्ही ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा असा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तेव्हापासून जगभर असे कितीतरी खेळ निघाले. पण खरी गंमत असते ती आपला खेळ आपणच तयार करण्यात. त्यातही सगळ्यांचे हात शिवशिवतात ते शस्त्रं तयार करायला!

आणि इथंच घोटाळा होतो.

समजा, तुम्ही तिरंदाज आहात. तुम्ही एक झकास धनुष्य तयार केलंत. गणिताच्या वहीवरचे ३० चौकोन इतका त्याचा पल्ला, प्रत्येक बाणाला दोन फाशांइतका घाव आणि बाण कधी संपतच नाहीत. राक्षस फेरीला ३ चौकोन चालतो. म्हणजे तुमच्याजवळ यायला त्याला १० फेऱ्या लागतात आणि तेवढ्यात तुम्ही १० बाण मारता. बिचारा वाटेतच आडवा! पहिला राक्षस पडला की सगळे टाळ्या वाजवतात. दुसरा पडतो तेव्हा तलवारबाज झालेला मित्र अजून निम्म्या वाटेवरच असतो. तिसऱ्या राक्षसाच्या वेळी तो पेन्सिलीला टोक करत बसतो. पुढच्या रविवारी त्याला क्लास असतो, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येतात. तुमच्या लक्षात येतंय ना? त्या धनुष्यानं राक्षसाला मारलं ते ठीक, पण एक भिडूही घालवला.

म्हणून लांबून मारायचं शस्त्र तयार करताना ते काय करू शकतं हे लिहिण्याआधी ते काय करू शकत नाही हे लिहायचं. आता ते कसं ठरवायचं? मनाला येईल तसं? छे, खरी शस्त्रं बघायची की! त्यांच्या अडचणी आयत्याच मिळतात.

इंग्लंडचं लांब धनुष्य घ्या. माणसाच्या उंचीहूनही मोठं, यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं. 'मेरी रोज' नावाचं इंग्लंडच्या राजाचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्यात सव्वाशेहून जास्त अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजार बाण मिळाले. त्यांतली बरीचशी धनुष्यं पूर्ण ताणायला ४५ ते ८० किलो वजन उचलण्याइतका जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गव्हाचं पोतं डोळ्यांसमोर आणा, आणि ते पुन्हा पुन्हा उचलायचं! असा जोर एका आठवड्यात येत नाही, त्याला लहानपणापासून सराव लागतो. १३६३ साली राजा तिसरा एडवर्ड यानं तर हुकूमच काढला होता, की सुट्टीच्या आणि सणाच्या दिवशी धडधाकट माणसांनी तिरंदाजीच करावी. (आपल्याकडे सुट्टीत असा हुकूम निघाला तर काय बहार येईल!)

याच्या अगदी उलट क्रॉसबो. लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, खाली बंदुकीसारखा खटका. दोरी एकदा मागे अडकवली की ती धरून ठेवावी लागत नाही. नेम धरायचा आणि खटका दाबायचा. शेतकऱ्याच्या पोराला थोड्या दिवसांत जमतं. पण पुन्हा बाण चढवायचा म्हणजे पुढच्या रिकिबीत पाय घालून, आकड्यानं नाहीतर छोट्या रहाटानं दोरी मागे खेचायची. तेवढा वेळ तुम्ही उघडे! १३४६ साली फ्रान्समध्ये क्रेसीच्या लढाईत जिनोआचे क्रॉसबोवाले इंग्लिश तिरंदाजांसमोर उभे राहिले, तेव्हा आडोशाच्या मोठ्या ढाली मागच्या सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. त्यांची दाणादाण उडाली.

आणि आपली गोफण? जोंधळ्यावरची पाखरं उडवणारी. दगड फुकट, फिरवायला एक हात पुरतो, म्हणजे दुसऱ्या हातात ढाल धरता येते. धनुष्यवाल्याला हे सुख नाही.

चला, आता हे सगळं फाशावर उतरवू. नेमाचा फासा टाकायचा. ४, ५ किंवा ६ पडले की नेम लागला. मग घावाचा फासा. एका फाशाची सरासरी किती? १ ते ६ ची बेरीज २१, भागिले ६, म्हणजे साडेतीन. (आई-बाबा, सरासरीचा अभ्यास झाला बरं का!)

लांब धनुष्याचा पल्ला १५ चौकोन, दर फेरीला एक बाण, घाव एक फासा. राक्षस अंगावर येईपर्यंत ५ बाण सुटतात. पाच साडेतीन साडेसतरा, त्यांतले निम्मे नेम हुकणार, म्हणजे पावणेनऊ. क्रॉसबोचा पल्ला ९ चौकोन, घाव दोन फासे, पण एक फेरी मारायची आणि एक फेरी बाण चढवायचा. तेवढ्यात दोनच बाण सुटतात. दोन साता चौदा, निम्मे ७. म्हणजे धनुष्यच सरस? थांबा, सराव राहिला! ज्याला सराव नाही त्याचा धनुष्याचा नेम फक्त ६ पडला तरच लागेल, असं ठरवा. आता साडेसतराला ६ नं भागा. जेमतेम तीन! क्रॉसबोला मात्र ही अट नाही, त्याचे ७ कायम. बघा कशी गंमत झाली! तिरंदाजाच्या हातात धनुष्य शोभतं, आणि जादूगारावर वेळ आली तर त्यानं क्रॉसबो उचलावा. दोन्ही शस्त्रांना खेळात जागा मिळाली.

गोफणीचा घाव निम्म्या फाशाइतका ठेवा आणि पल्ला ६ चौकोन. खरी गोफण याहून पुष्कळ लांब फेकते. भूमध्य समुद्रातल्या बलेआरिक बेटांवरचे गोफणवाले तर पूर्वी भाडोत्री सैनिक म्हणून प्रसिद्ध होते. पण इथं आम्ही मुद्दाम हात आखडता घेतला, कारण ढाल आणि फुकटचे दगड तिला आधीच मिळालेत.

आता बाण मोजा. भात्यात १२, त्याहून एकही जास्त नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या नियमांत एक छान सोय आहे. लढाई संपल्यावर मिनिटभर शोधाशोध केली तर मारलेल्यांपैकी निम्मे बाण परत मिळतात. आणखी एक नियम तिथूनच उचलण्यासारखा आहे. शत्रू अगदी शेजारी उभा असेल तर तिरंदाजाला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. आपल्याकडे तो फासा नाही, म्हणून आपण असं म्हणू की राक्षस शेजारच्या चौकोनात आला तर फक्त ६ वरच नेम लागेल. हा एक नियम आला आणि तलवारबाज पेन्सिल खाली ठेवून सावरून बसला! आता राक्षसाला अडवायला कुणीतरी मध्ये उभं राहायलाच हवं. तिरंदाजाला त्याची गरज लागते, आणि पाच बाण आधी बसलेले असल्यामुळे त्यालाही तिरंदाजाची.

आता तुम्ही म्हणाल, जादूच्या अस्त्राचं काय? ते तर सगळ्यांहून भारी हवं! असू द्या की. पण महाभारतातला कर्ण आठवा. इंद्रानं त्याला अमोघ शक्ती दिली, जिच्यावर मारली तो वाचणारच नाही अशी. मात्र ती एकदाच वापरायची. शिवाय तिच्यासाठी कर्णानं जन्मापासूनची कवचकुंडलं देऊन टाकली. कर्णानं ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती. पण रात्रीच्या युद्धात घटोत्कचानं कौरवांच्या सैन्यात असा काही हाहाकार माजवला, की ती त्याच्यावरच टाकावी लागली. अर्जुनासमोर उभं राहताना कर्णाजवळ ना कवच होतं, ना शक्ती. तुमच्या खेळात असं अस्त्र ठेवा आणि बघा, ज्याच्याकडे ते असेल तो फेरीगणिक किती तळमळतो! "आत्ता वापरू? की मोठ्या राक्षसासाठी ठेवू?"

पहिल्या दिवशी आकडे पेन्सिलीनंच लिहा, कारण ते खोडावे लागणार आहेत. तीच लढाई पाचदा खेळा आणि दर वेळी शस्त्रांची अदलाबदल करा. सगळे जण एकाच शस्त्रासाठी भांडायला लागले तर त्याचा पल्ला तीन चौकोनांनी कमी करा. एखाद्या शस्त्राला कुणी हातच लावत नसेल तर त्याला काहीतरी बक्षीस द्या.

आणि हे झालं की एक शस्त्र तुम्ही स्वतः तयार करा. फेकल्यावर हातात परत येणारं चक्र. नेम हुकला तरी ते परत येईल का? किती फेऱ्यांनी येईल? आणि तोवर राक्षस शेजारी येऊन उभा राहिला तर तुमच्या हातात काय असेल?