जुन्या बाइकचा मागचा ब्रेक चिकटतोय? शू बदलण्याआधी हे तपासा

घरातली जुनी स्प्लेंडर किंवा तशीच एखादी १००-१२५ सीसी बाइक आता तुमच्या हातात आली असेल, तर ही तक्रार ओळखीची वाटेल. गाडी ढकलताना जड लागते, ॲव्हरेज कमी झालंय आणि थोडं फिरून आलं की मागच्या चाकाचा हब चांगलाच तापलेला असतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "शू बदलून टाकू." महिनाभर बरं चालतं, मग परत तेच.

याचं कारण ड्रम ब्रेकच्या रचनेत आहे. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो. रॉड हबवरचा छोटा आर्म फिरवतो, आर्मला जोडलेला कॅम आत फिरतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमला घासतात. म्हणजे ब्रेक लावायला तुमच्या पायाची ताकद असते. सोडायला मात्र फक्त स्प्रिंगा असतात. वाटेत कुठेही गंज, चिखल किंवा सुकलेलं ग्रीस असेल, तर पायाचा जोर त्यावर मात करतो, स्प्रिंग करू शकत नाही. म्हणून ब्रेक लागतो नीट, पण सुटत नाही.

आधी सोपं कारण बघू. चेन नुकतीच टाइट केली आहे का? चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर आर्मही मागे जातो आणि ब्रेक आपोआप घट्ट होतो. चेननंतर ब्रेक ॲडजस्ट करायचा राहून गेला, की चाक घासणारच. पेडल हाताने दाबून बघा. ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधी त्याला साधारण २० ते ३० मिलीमीटर, म्हणजे दीड-दोन बोटं, मोकळी चाल हवी. कमी असेल तर रॉडच्या टोकाचा नट थोडा सैल करा. पण चाल बरोबर असूनही ब्रेक चिकटत असेल, तर नट आणखी सैल करत बसू नका. मग ऐनवेळी ब्रेक कमी लागेल आणि खरा दोष तसाच राहील.

आता दोष कुठे आहे ते शोधू. गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, इग्निशन ऑन करा. पेडल जोरात दाबून सोडा. ब्रेक लाइट पेटलेलाच राहिला, तर बहुधा पेडलच वर येत नाहीये. त्याचा पिन सुकला किंवा गंजला असणार. लाइट विझला तरी चाक जाम असेल, तर संशय कॅमवर. खात्री करायची असेल तर नट काढून रॉड मोकळा करा आणि आर्म हाताने पुढे ढकलून सोडा. तो टकाटक मागे आला पाहिजे. आळसावल्यासारखा आला किंवा अडकला, तर चाक काढावं लागेल. (पावसात किंवा गाडी धुऊन रात्रभर उभी ठेवल्यावर सकाळी 'कट' आवाज होऊन चाक सुटतं, तो ड्रमवर आलेला पातळ गंज. त्यासाठी काही खोलायची गरज नाही.)

चाक याआधी कधी काढलं नसेल, तर हे काम जाणकाराच्या सोबतीनेच करा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढत जा, विशेषतः स्प्रिंगा कशा अडकवल्या आहेत आणि आर्म कॅमच्या कोणत्या खुणेवर बसलाय त्याचा. आतली काळी पूड फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या कपड्याने पुसा.

कॅमचा दांडा प्लेटमधून बाहेर काढा, पॉलिश पेपरने गंज घालवा, दांडा आणि भोक दोन्ही स्वच्छ पुसा. मग जास्त तापमान सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर दांड्यावर, कॅमच्या तोंडावर आणि समोरच्या पिनवर लावा. इथे हात सैल सोडू नका. जास्तीचं ग्रीस तापून शूवर आलं, तर ब्रेक लागणारच नाही. बाहेरून ऑइल सोडण्याची 'युक्ती'ही त्याच कारणाने धोक्याची. स्प्रिंगा ताणल्या असतील तर बदला. शू खरंच झिजले असतील किंवा तेलकट झाले असतील, तर तेही बदला. शू फार झिजले की कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि तिथेच अडकू शकतो.

जोडताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी धरून ठेवणारी पट्टी. तिचा नट-बोल्ट आणि असेल तर स्प्लिट पिन पुन्हा बसवलीच पाहिजे. ही सुटली, तर ब्रेक मारताच अख्खी प्लेट फिरते आणि चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं. ॲक्सलचा नट शेवटचा आवळताना कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतील.

मग चेन, त्यानंतर ब्रेकची चाल, याच क्रमाने ॲडजस्ट करा. चाक हाताने फिरवल्यावर हलकी खसखस ऐकू आली तर चालेल. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक मारून बघा. नंतर ब्रेक फारसा न वापरता थोडं अंतर जाऊन थांबा आणि हबजवळ हात न्या, चिकटवू नका. अजूनही धग लागत असेल, तर बेअरिंग आणि ड्रमचा गोलाई गॅरेजमध्ये तपासून घ्या.