पाण्याभोवती बांधलेली सायकल

सहा लिटर पाणी सायकलवर लादून हजार मीटरचा चढ चढायचा, तर त्या पाण्यापायी शरीराला जास्तीची ऊर्जा किती लागते? साधारण साठ किलोकॅलरी. एका मध्यम पोळीतून मिळते त्याहूनही कमी. कागदावर हा आकडा उतरला तेव्हा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मांडून पाहिला. सहा किलो, हजार मीटर आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार सुमारे ५९ किलोज्यूल येतो. स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा कामी लावतात आणि उरलेली उष्णता होऊन जाते, म्हणून त्याची चौपट करायची. किलोकॅलरीत बदललं की उत्तर तेच. स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरले आणि चढाला दोन तास लागत असतील, तर सहा लिटर पाण्यामुळे त्यात आठेक मिनिटांची भर पडते.

सामानातला ग्रॅम ग्रॅम कमी करणाऱ्यांच्या खेळात पाण्याचं वजन एवढं स्वस्त निघावं, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. या खेळाचं नाव बाइकपॅकिंग. कॅरियर लावायचा नाही. फ्रेमच्या त्रिकोणात, हँडलवर आणि सीटमागे पिशव्या आवळायच्या, राहण्या-खाण्याचं सगळं त्यात भरायचं आणि डोंगरवाटांना लागायचं. त्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींपैकी सर्वांत कोरड्या प्रदेशातली एक म्हणजे अमेरिकेतली अॅरिझोना ट्रेल रेस. तिची तयारी नीट न्याहाळली की दिसतं, आधी पाणी ठरतं आणि मग बाकीचं सामान त्याच्या मागोमाग येतं.

अॅरिझोना ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून यूटा राज्याच्या सीमेपर्यंत गेलेली जवळपास १,३०० किलोमीटरची वाट. फ्लॅगस्टाफ गावातले एक शिक्षक, डेल श्युवॉल्टर, १९८५ मध्ये हे राज्य दक्षिणोत्तर चालून गेले आणि अशी सलग वाट व्हावी म्हणून झटले. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, २०११ च्या डिसेंबरात शेवटचा तुकडा जोडला गेला. शर्यतीला प्रवेश फी नाही, बक्षीस नाही. प्रत्येकाजवळच्या ट्रॅकरचा ठिपका नकाशावर सरकत राहतो, एवढाच पुरावा. नियमाचा गाभा असा की आपलं आपण करायचं. मागे गाडी नको, ओळखीच्या कुणी आणून दिलेला डबा नको, आधी जाऊन झुडपात लपवलेलं पाणी तर नकोच. वाटेतल्या दुकानातून, नळावरून, ओढ्यातून जे सगळ्यांना मिळू शकतं तेच घ्यायचं.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ लावली ती ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीने. नाशिकचे महाजन बंधू आणि २०१७ मध्ये ती एकट्याने पुरी करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ ही नावं अनेकांना ठाऊक आहेत. तीही अॅरिझोनातून जाते. पण ती डांबरी रस्त्याने, आणि मागे मदतनीसांची गाडी असते; तहान लागली की बाटली हातात येते. इथे बाटली कुठे भरायची, याचं उत्तर महिनाभर आधी शोधायला बसावं लागतं.

सुरुवात शरीरापासून होते. पॅडलवर १२० वॅट काम करणारा माणूस त्याच वेळी सुमारे ४०० वॅट उष्णता तयार करत असतो. ती बाहेर टाकली नाही तर अंग तापत जाईल. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा उष्णता नेण्याऐवजी देऊ लागतो आणि घामाची वाफ होणं हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे ४०० वॅटसाठी तासाला सहाशे मिलिलिटर, नुसती स्वतःची उष्णता फेडायला. वरचं ऊन आणि खालचे तापलेले दगड धरले की हिशेब लिटरकडे सरकतो. आणि वाळवंटात हा घाम दिसतच नाही. मुंबईत शर्ट अंगाला चिकटतो. सोनोराच्या वाळवंटात कातडी कोरडीच राहते, फक्त पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यांच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे गेलेलं पाणी.

म्हणून पाणी किलोमीटरवर मोजायचं नसतं, तासांवर मोजायचं. केल्विन नावाच्या वस्तीजवळ वाट गिला नदी ओलांडते. तिथून पिकेटपोस्ट डोंगराच्या पायथ्यापर्यंत साठेक किलोमीटर. सडकेवर हे अंतर अडीच तासांचं. पण इथे अरुंद, दगडी, काटेरी वाट आहे, तासाला सहा किलोमीटर झाले तरी चांगलं म्हणायचं. सुरुवातीचा भाग नदीकाठाने जातो. नदी सोडून वाट वर चढते तिथून पुढचे पस्तीसेक किलोमीटर हा खरा प्रश्न. सहा तास, तासाला पाऊण लिटर, म्हणजे साडेचार लिटर. पंक्चर, चुकलेलं वळण किंवा गळून गेलेले पाय यांसाठी आणखी दीड. झाले सहा लिटर. हेच सहा तास रात्री काढले तर चार लिटरही पुरतील.

आणि इथून सामानाची साखळी सुरू होते. पाणी वाचवायचं तर रात्री चालवायचं. रात्री चालवायचं तर दिवा हवा. लांबच्या प्रवासाला लोक पुढच्या चाकाच्या हबमध्ये डायनॅमो बसवतात, पण त्याची तीन वॅटची क्षमता पुरती मिळायला पंधरा-वीस किलोमीटरचा वेग लागतो. तासाला सहाच्या वेगाने, खडकांवरून चढताना तो दिवा मिणमिणतो. म्हणजे बॅटरीचा दिवा, म्हणजे पॉवरबँक, म्हणजे ती चार्ज करायला कुठल्या गावात किती वेळ थांबायचं याचं वेगळं गणित. दुपारी सावली शोधून झोपायचं असेल तर झोपण्याची पिशवी हलकी चालेल, पण मग वाटेच्या उत्तर टोकाकडच्या उंच पठारावरच्या थंडीचं काय? जेवणाचंही तसंच. वाळवलेलं, गरम पाणी ओतून फुगवायचं अन्न वजनाला हलकं असतं खरं, पण एका जेवणाला सुमारे अर्धा लिटर पाणी मागतं. म्हणून कोरड्या टप्प्यात शेगडी मागेच राहते आणि पिशवीत गुंडाळी केलेले बरिटो येतात.

सहा लिटर ठेवायचे कुठे? फ्रेमच्या त्रिकोणात, शक्य तितक्या खाली, तीनेक लिटरची मऊ पिशवी. पुढच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंना बाटल्या. उरलेलं पाठीवर, नळी खांद्यावरून तोंडाजवळ येईल असं. एकच मोठं भांडं सोयीचं वाटतं, पण वाळवंटात एक काटा ते फोडायला पुरेसा असतो. चार भांडी असली की एक फुटलं तरी सगळं पाणी जात नाही. आणि रिकामी गुंडाळून ठेवता येणारी एक जादा पिशवी कायम हवी. क्षमता नेहमी बाळगायची, पाणी गरजेपुरतं भरायचं, ही या मंडळींची रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आता ते पाणी येतं कुठून, हे पाहू. गावातला नळ सोडला तर गुरांसाठी बांध घालून अडवलेली तळी, पवनचक्कीने उपसलेल्या पाण्याचे पत्र्याचे हौद, वन्यप्राण्यांसाठी बांधलेले पाणवठे, पावसाचं पाणी छपरावर झेलून टाकीत साठवणाऱ्या सोयी. अॅरिझोना ट्रेल असोसिएशन अशा जागांची यादी ठेवते आणि प्रत्येकीपुढे भरवशाची श्रेणी देते. कारण नकाशावर निळा ठिपका आहे म्हणजे आज तिथे पाणी आहे असं नव्हे. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. गडावर टाकी अकरा असोत, एप्रिलात त्यातलं प्यायचं पाणी कोणत्या टाक्यात उरतं, हे गडाखालच्या वाडीत विचारूनच वर जायचं असतं. इथे वाडीच्या जागी आधी गेलेल्या वाटसरूंच्या नोंदी असतात, आणि जाणकार त्यांची तारीख आधी वाचतात.

मिळालेलं पाणी प्यायचं कसं, हा पुढचा पेच. गिलाचं पाणी गाळाने भरलेलं. पोकळ तंतूंचा फिल्टर, ज्याची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची असतात, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण असा गाळ दिला की थोड्याच वेळात तुंबतो. मग आपल्या घराघरांतली जुनी ओळखीची वस्तू कामी येते: तुरटी. पलीकडे कोलोरॅडो नदीतून तराफ्यांवर जाणारी माणसंही गढूळ पाणी निवळायला हीच वापरतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटत राहतात, म्हणून तासन्‌तास तरंगतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमच्या धनभाराने तो नाहीसा होतो, कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी ओतून घ्यायचं आणि मग फिल्टर करायचं. चिमूटभर तुरटीचं वजन नगण्य, आणि तिच्यावाचून स्वस्त-महाग कुठलंही यंत्र या नदीकाठी हात टेकतं.

पाण्याबरोबर मीठही हवं. घामातून सोडियम जातं. भरपाईला नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस गोंधळतो, ओकतो, वेळप्रसंगी बेशुद्ध पडतो. ही लक्षणं उष्माघाताशी इतकी मिळतीजुळती की सोबतचा माणूस आणखी पाणी पाजायला धावतो. खारवलेले दाणे आणि क्षारांच्या पुड्या म्हणून पाण्याइतक्याच मोजून घेतात.

काट्यांचं सामान इथे स्वतंत्रच. ट्यूब नसलेल्या टायरात लॅटेक्सचं द्रावण फिरत असतं, भोक पडलं की तिथे थिजून ते बुजवतं. पण कोरड्या उन्हात ते टायरातच सुकत जातं, म्हणून छोटी बाटली जवळ ठेवायची. आणि एक साधा केस विंचरायचा कंगवा. चोया नावाच्या निवडुंगाचे तुकडे नुसत्या धक्क्यानेही सुटून पोटरीत रुततात. त्यांच्या काट्यांना मागे वळलेले सूक्ष्म दात असतात, बोटांनी ओढायला गेलं तर बोटांतच घुसतात. कंगव्याचे दात तुकड्याखाली सरकवून एका झटक्यात तो उडवून द्यायचा. एवढ्या नेटक्या सामानात कंगवा सापडतो तो यासाठी.

हा सगळा हिशेब उलटापालटा होतो तो ग्रँड कॅन्यनपाशी. दरीत उतरणाऱ्या या वाटांवर सायकल चालवायला बंदी आहे, ढकलायलासुद्धा. चाक जमिनीला टेकता कामा नये. मग स्पर्धक पॅडल काढतात, चाकं फ्रेमला बांधतात आणि सामानासकट सगळी सायकल पाठीवर आवळतात. सहज पंधरा-वीस किलोचं बोचकं. साउथ कैबाब वाटेने सुमारे १,४५० मीटर खाली, १९२८ सालच्या झुलत्या पुलावरून कोलोरॅडो ओलांडून, नॉर्थ कैबाब वाटेने सुमारे १,७५० मीटर वर. एकूण चौतीसेक किलोमीटर, आणि परवान्याशिवाय दरीत मुक्काम करता येत नाही, त्यामुळे बहुतेक जण एका दमात. यासाठीच पाठपिशवीचे पट्टे मजबूत लागतात आणि सायकलिंगचे कडक तळव्यांचे बूट निरुपयोगी ठरतात. या एका दिवसाने हजार किलोमीटरचे बूट ठरवून टाकलेले असतात.

साउथ कैबाबवर पाण्याचा थेंब नाही. उत्तरेच्या वाटेवर मात्र मोसमात नळ असतात, आणि त्यांच्यामागची व्यवस्था थक्क करणारी आहे. उत्तरेच्या पठारावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी चुनखडीतल्या विवरांतून आत उतरतं आणि दरीच्या भिंतीतून रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्याने बाहेर पडतं. १९६० च्या दशकात घातलेल्या साडेबारा मैलांच्या पाइपातून ते दरी ओलांडून पलीकडे जातं. दक्षिण काठावरची हॉटेलं आणि वसाहत त्यावरच चालतात. पाइप जुना झालाय. २०१० नंतर तो ८५ हून जास्त वेळा मोठ्या प्रमाणात फुटला, आणि फुटला की वाटेवरचे नळ बंद. २०२५ च्या जुलैत वीज पडून लागलेल्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात उत्तर काठावरचं ग्रँड कॅन्यन लॉज जळालं, तिथलं पाणी शुद्ध करण्याचं केंद्रही गेलं. म्हणून कॅन्यनमध्ये उतरणारा शहाणा माणूस नळांची ताजी बातमी घेतल्याशिवाय निघत नाही, आणि ओढ्याचं पाणी गाळून घेण्याची सोय तरीही सोबत ठेवतो.

वर पोचलं की प्रश्न एकदम बदलतो. कैबाब पठार अडीच हजार मीटरच्या वर. इथे रात्री पाणी गोठतं. ओला फिल्टर गोठला तर आतले तंतू बर्फाने फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी पूर्वीसारखंच येत राहतं, फक्त गाळलं जात नाही. म्हणून झोपताना फिल्टर अंगाशी धरून पिशवीत घ्यायचा. घोट घेतल्यावर नळीत उलटी फुंकर मारून पाणी मागे ढकलायचं, नाहीतर सकाळी नळीत बर्फाची कांडी.

तिथून यूटाची सीमा शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. वाट संपते ती स्टेटलाइन नावाच्या तळाशी: चार-दोन तंबूंच्या जागा, शौचालय, आणि प्यायचं पाणी नाही. डांबरी सडक गाठायला उत्तरेला सोळाएक किलोमीटर कच्चा रस्ता, दक्षिणेला त्याच्या दुप्पट. घ्यायला येणारी गाडी उशिरा पोचू शकते, रात्रही झालेली असू शकते. त्यामुळे जाणते स्पर्धक शेवटच्या भरणीचा आकडा काढताना शर्यत संपण्याच्या जागी बेरीज थांबवत नाहीत. पुढच्या तीन-चार तासांचे दोन लिटर त्यात आधीच धरलेले असतात.