एका कार्यशाळेतले दोन शिक्के

लंडनच्या हाइड पार्कजवळच्या आल्बियन म्यूजमधल्या ल्यूसी री यांच्या कार्यशाळेत 1946 मध्ये हान्स कोपर कामाला आले, तेव्हा त्यांना कुंभारकाम येत नव्हतं. युद्धकाळापासून तिथे पोशाखांसाठी सिरॅमिकची बटणं बनत, आणि त्याच कामासाठी कोपर आले होते. री व्हिएन्नात नाव कमावलेल्या कुंभार. 1938 मध्ये नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला. कोपरही जर्मनीतून आलेले निर्वासित, वयाने 18 वर्षांनी लहान. या दोघांची भागीदारी आवडीनिवडी जुळल्यामुळे टिकली असं सहज म्हटलं जातं. त्यांची भांडी शेजारी ठेवली की ते पटत नाही. री यांचे वाडगे पातळ, अरुंद बुडावर उमलणारे. कोपरची पात्रं चाकावर वेगवेगळे भाग घडवून जोडलेली, शिल्पाकडे झुकणारी.

त्यांना बांधून ठेवलं ते पोटापाण्याच्या कामाने. कप, बशा, किटल्या दोघांनी मिळून केल्या आणि त्यांवर दोघांचे शिक्के उमटवले. भट्टीही या सहकार्याला साजेशी होती. एरवी भांडं आधी कोरडं भाजतात, मग झिलई देऊन पुन्हा भाजतात. री कच्च्या भांड्यावरच ब्रशने झिलई लावत आणि विजेच्या भट्टीत सुमारे 1250 अंश सेल्सिअसला एकदाच भाजत. यात वीज वाचते, भट्टी एकदाच भरावी लागते. पण कच्ची माती झिलईतलं पाणी शोषते, भांडं मऊ पडू शकतं, तडकूही शकतं. छोट्या जागेतल्या कामाला ही पद्धत सोयीची होती, आणि कोपरनीही ती उचलली. घाट मात्र त्यांनी री यांच्याकडून घेतला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जागा री यांची, अनुभवही त्यांचा, मग ही भागीदारी कसली, असा आक्षेप रास्त आहे. सुरुवातीला कोपर पगारी मदतनीसच होते. पण मालकीणबाई नोकराचा शिक्का आपल्या मालावर उमटवत नाहीत. आणि री तर कोपरना आपल्याहून मोठा कलावंत मानत. खरी अडचण वेगळीच होती. मागणीचा माल पुरवताना एकच कप पुन्हा पुन्हा घडवावा लागतो आणि स्वतःच्या घाटासाठी राखलेला वेळ त्यातच जातो. ज्या कामाने कार्यशाळा चालते, तेच दोघांपैकी एकाला अपुरं वाटू लागतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कोपर हर्टफर्डशरमधल्या डिग्सवेलला स्वतंत्र कार्यशाळेत गेले. कॉव्हेंट्री कॅथेड्रलचे त्यांचे उंच मेणबत्तीस्तंभ त्यानंतरचे, 1962 चे. 1981 मध्ये कोपर वारले, तोवर दोघांची मैत्री अभंग होती.